आईला सोडून न जाणारा परवाना

तीर्थस्वरूप मामांना भाच्याचा वाकून नमस्कार (गुडघा धरलाय, त्यामुळे जेवढा वाकलो तेवढा गोड मानून घ्या). तुमची कंबर आणि मामींचा खोकला आटोक्यात असतील अशी आशा करतो.

इकडे माझं ठीक नाही. परवा सकाळी ही परत येते. बहिणीच्या बाळंतपणाला महिनाभर जाताना हिने एकच बजावलं होतं, माझ्या कंप्युटरला हात लावायचा नाही. त्यात हिचा सहा वर्षं खपून केलेला शब्दकोश आहे आणि सोमवारी तो छापखान्यात द्यायचाय. मी मान डोलावली. हिची टॅक्सी कोपऱ्यावर वळली आणि मी स्क्रू काढायला बसलो.

हेतू चांगला होता हो. तो कंप्युटर सुरू होईपर्यंत माणसाची आंघोळ उरकायची. म्हणून नवे भाग आणून, व्हिडिओ बघत बघत स्वतःच्या हातांनी नवा जोडला आणि हिची डिस्क त्यात बसवली. (चार स्क्रू उरले. कुठले, ते अजून कळलेलं नाही.) जुन्याबरोबर ऑपरेटिंग सिस्टिम आयतीच आली होती, तिच्या परवान्याचा पंचवीस अक्षरी नंबर पेटीच्या पाठीवर चिकटवलेला. तो कागद किटलीच्या वाफेवर सोडवून नव्या पेटीला लावला. म्हटलं, वस्तू आपली, घर आपलं, नुसती पेटी बदलली. पण नंबर टाकल्यावर कंप्युटर म्हणाला, हा इथला नाही. तीस दिवसांत खरा द्या, नाहीतर आत घेणार नाही. आज अठ्ठाविसावा.

कंपनीच्या मदत केंद्राला अकरा फोन झाले. दर वेळी एकच बाई निघते, आता ती मला खोकण्यावरून ओळखते. तिचं म्हणणं, आयता आलेला परवाना मदरबोर्डचा असतो, म्हणजे आतल्या मुख्य पाटीचा. ती बदलली की परवाना संपला. मी म्हटलं, "अहो, लेकरू मोठं झालं की आईला सोडून नवा संसार थाटतंच ना?" ती म्हणाली, "हे नाही थाटत." मग तिने विचारलं, "हा तोच कंप्युटर आहे का?" मामा, इथे मी अडकलो. माउस तोच. टेबल तेच. वापरणारी तीच. मी म्हटलं, "बराचसा तोच." तिने फोन ठेवला. जुना मदरबोर्ड परत लावावा, तर तो काढताना माझ्या हातून तडकलाय.

मला भीती कंप्युटरची नाही. हिने माझ्यावर विश्वास टाकला आणि मी तो स्क्रूड्रायव्हरने उघडला, याची आहे. तुम्ही जन्मभर सरळ चाललात, तेव्हा तुमचा आशीर्वाद असू द्या.

तुमचा धांदरट भाचा

ता. क. वरची घालमेल आज सकाळपर्यंतची आहे. रविवारी तुमच्या टेबलाखाली मी जो चष्मा शोधत होतो, तो माझ्या खिशात होता. आपण दोघांनी एकाच दिवशी सारखेच कंप्युटर घेतलेले, पण तुम्ही परवाना वेगळा विकत घेतला होता (तसला पाटीला बांधलेला नसतो), म्हणून तुमच्या पेटीवरचा नंबर टिपून आणला आणि सकाळी टाकला. झटक्यात चालला. फक्त मदत केंद्रातल्या बाई म्हणतात, एक नंबर एकाच कंप्युटरला. तुमचा आता पुढच्या वेळी लावाल तेव्हा कुलूपबंद होईल. तुम्ही तसेही त्यावर पत्तेच खेळता. काही दिवस खरे पत्ते घ्या.

ता. क. २ आत्ता हिचा फोन आला. मी हात लावणार हे तिला ठाऊकच होतं, म्हणून कोशाची शेवटची, तपासलेली प्रत ती जाताना तुमच्या कंप्युटरवर ठेवून गेलीय. इथली आहे ती गेल्या वर्षीची, चुकांसकट. मामा, तुमचा बंद असेल तर लावू नका, लावलेला असेल तर बंद करू नका. हे पत्र तुमच्या हातात देणारा मीच आहे. वाचून होईपर्यंत दार लावू नका.