एकही मासा न धरल्याचा दाखला मिळणेबाबत

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
मत्स्यविकास कार्यालय, तापी खोरे विभाग,
मु. जळगाव.

अर्जदार : मांगीलाल भिकमचंद छाजेड, धान्य व तेलबियांचे व्यापारी, मु. पो. बोदवड, जि. जळगाव.

विषय : अर्जदाराने वारंवार समुद्रावर जाऊनही आजतागायत एकही मासा धरलेला नाही, असा सही-शिक्क्याचा दाखला मिळणेबाबत.

संदर्भ : गेल्या सोमवारी अर्जदाराने समक्ष येऊन केलेली विनंती व त्यावर आपल्या कचेरीतील लेखनिकांचे हसणे.

महोदय,

१. अर्जदार जैन असून त्याच्या घरात कांदा-लसूण शिरत नाही व दिवस मावळल्यावर चूल पेटत नाही. पाणी गाळल्याशिवाय पीत नाही. अशा माणसाला मत्स्य खात्याच्या पायरीवर यावे लागले, यातच त्याची दशा काय झाली असेल ते साहेबांनी ओळखावे.

२. सुरत लाइनीवरील निवृत्त गार्ड धनसिंग पाटील हे अर्जदाराचे जुने स्नेही. ते आणि येथील दवाखान्यातले कंपाउंडर सुकदेव महाजन असे दोघे पावसाळा सरला की एक शनिवार आड सुरतेस जातात. तेथून डुमसला जाऊन नगीनभाई टंडेल यांच्या होडीतून किनारा दिसेनासा होईतो आत जातात आणि रविवारचा दिवस गळ टाकून मासे धरतात. अर्जदाराने बावन्न वर्षांच्या आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. 'नुसता पाहायला चला' असा धनसिंगभाऊंनी आग्रह केला, म्हणून गेल्या वर्षी तो प्रथम गेला. पाहण्यात पाप नाही, असे त्याला वाटले व अजूनही वाटते.

३. होडीत सर्वांच्या हातात दोरी आणि अर्जदार तेवढा रिकामा. व्यापाऱ्याच्या जातीला रिकामे बसणे जमत नाही. ही चुळबूळ पाहून नगीनभाईंनी एक दोरी त्याच्याही हातात दिली. अर्जदाराने तिचा गळ सोडून परत केला, आमिषाला हात लावला नाही, आणि खाली नुसते शिसे बांधून दोरी पाण्यात सोडली. तेव्हापासून आजवर अर्जदार असाच बसत आला आहे. आमच्या धर्मात पाप करणे, दुसऱ्याकडून करविणे आणि केलेल्याला मान डोलावणे ही तिन्ही सारखीच. म्हणून कोणाच्या गळाला मासा लागला की अर्जदार पाठ फिरवून बसतो. एकदा सुकदेवांनी मोठी घोळ मासळी वर ओढली आणि 'शेटजी, कशी काय?' म्हणून कौतुकाची अपेक्षा केली. अर्जदाराने 'हवा बरी आहे' एवढेच उत्तर दिले.

४. आता मूळ दुःखाकडे येतो. दिवाळीनंतरच्या फेरीत मासळी फार मिळाली. बर्फ घातलेली टोपली बरोबर नेणे शक्य नव्हते, म्हणून ती पार्सलने पाठवायचे ठरले. धनसिंगभाऊ म्हणाले, गार्डच्या डब्यात अशीच सरकवू, ओळखीचा माणूस आहे. परंतु पावतीशिवाय माल हलू द्यायचा नाही, हा आमच्या दुकानाचा आजोबांपासूनचा शिरस्ता. अर्जदाराच्याने ते पाहवेना. त्याने स्वतः पुढे होऊन पावती केली आणि सवयीने नाव घातले स्वतःचे. मालाच्या रकान्यात 'भाजीपाला' लिहा, असेही धनसिंगभाऊंनी सुचविले. खोटे लिहिणे हेही पापच, म्हणून अर्जदाराने ठळक अक्षरात 'ताजी मासळी' असे लिहविले. त्या दिवशी आपण दोन पापे टाळली, या समाधानात तो गाडीत बसला. हातचे पुण्य असे अंगावर येईल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हते.

५. भुसावळला गाडी बदलून आम्ही पुढे आलो व टोपली मागच्या गाडीने आली. ती धनसिंगभाऊंनी स्टेशनवरून न्यायची होती. परंतु स्टेशनचा हमाल पुना हा अर्जदाराचा माल वर्षानुवर्षे पोहोचवितो. त्याने टोपलीवरचे नाव कोणाकडून तरी वाचून घेतले आणि टोपली डोक्यावर घेऊन तडक दुकान गाठले. त्याच वेळी अर्जदाराची धाकटी कन्या कुसुमलता हिच्या सगाईची बोलणी दुकानाच्या गादीवर चालू होती. फैजपूरचे केळ्यांचे व्यापारी अमृतलालजी बोरा, त्यांच्या मातोश्री आणि मुलगा असे बसले होते. मुलगा मुलीला पसंत, मुलगी मुलाला पसंत, फक्त गूळ वाटायचा राहिला होता. एवढ्यात पुना दारातूनच ओरडला, "शेटजी, तुमची मासोयी आली बरं! बरफ पाझरतो हाये, कुठी ठेवू?" आणि उत्तराची वाट न पाहता, आलेला माल आधी काट्यावर, या आमच्याच रीतीप्रमाणे त्याने ती टोपली गव्हाच्या काट्यावर ठेवली. गोणपाट सरकले व शेपूट बाहेर आले. पुढचे लिहवत नाही.

६. त्या दिवसापासून अर्जदाराची पत्नी सायरबाई हिने त्याला स्वयंपाकघराची बंदी केली असून त्याचे ताट ओसरीवर येते. काटा तीन वेळा धुतला, तरी गिऱ्हाईक गव्हाचा वास घेऊन पाहते. हे सर्व अर्जदार सोसेल. परंतु फैजपूरहून निरोप आला की मांगीलालजी मासे धरीत नाहीत याचा सरकारी पुरावा आणावा, एरवी सोयरीक मोडली असे समजावे. कुसुमलता ओसरीवर ताट आणून ठेवते आणि त्यात एक पोळी जास्त घालते. साहेब, ती जास्तीची पोळी अर्जदार रोज गाईला घालतो.

७. म्हणून अर्जदार आपल्या कचेरीत आला. तेथे सांगण्यात आले की दाखला मासे धरणाऱ्यांस मिळतो. न धरणाऱ्यांस द्यायचा तर सबंध जिल्ह्याला द्यावा लागेल. यावर नम्र उत्तर असे की, सबंध जिल्हा समुद्रावर जाऊन मासे न धरता परत येत नाही. तो अर्जदार एकटाच येतो. दुसरी हरकत अशी की समुद्र आता गुजरात राज्यात आहे. समुद्र तिकडे असेल, पण अर्जदार मासे न धरता परततो तो बोदवडला, म्हणजे प्रकार आपल्याच हद्दीतला ठरतो. तिसरी सूचना अशी झाली की आधी मासेमारीचा परवाना काढावा, मग त्यावर 'निरंक' असा शेरा मारता येईल. हा परवाना फैजपूरला दिसला तर मुलगीच काय, अर्जदारालाही उभ्या जन्मात कोणी पंगतीला बसवणार नाही.

८. अमृतलालजींच्या मातोश्रींनी उठताना एकच विचारले होते, की धरायचे नाहीत तर मग जाता कशाला? त्यांना द्यायचे राहून गेलेले उत्तर साहेबांना सांगतो. दुकानावर जो येतो तो काहीतरी मागायला नाहीतर विकायला येतो. झोपेतसुद्धा अर्जदाराची बोटे शेंगा चाचपतात. तिथे दोरी सोडून बसले की पाणी ती हळूच ओढते आणि हळूच सोडते. पाण्याला काही घ्यायचे नसते, अर्जदारालाही नसते. दिवसभर काही मिळत नाही आणि संध्याकाळी मन भरलेले असते. हा आनंद अर्जदाराला उतारवयात सापडला आहे आणि तो सोडवत नाही. सायरबाईने जाणे बंद करा म्हटले, तेव्हा त्याने हो म्हटले आणि दोन दिवस तिळाच्या पोत्यांकडे बघत बसला.

९. तरी विनंती की, मागितलेला दाखला लवकर द्यावा. खात्री करणे असल्यास साहेबांनी येत्या शनिवारी समक्ष होडीवर यावे व अर्जदाराची दोरी स्वतः ओढून पाहावी. खाली शिसे निघेल. खाकरे व लोणचे अर्जदार बरोबर आणील, मात्र जेवण सूर्य मावळण्यापूर्वी उरकावे लागेल.

आपला, नम्र असून निर्दोष,
मांगीलाल भिकमचंद छाजेड
बोदवड, ता. ४ डिसेंबर १९६८

सोबत :
(१) धनसिंग पाटील व सुकदेव महाजन यांचा जबाब, की अर्जदार होडीवर निव्वळ अडगळ आहे.
(२) अर्जदाराची दोरी, शिशासह, गळाविना. पाहून शनिवारच्या आत परत मिळावी.

ता. क. : अर्ज पाकिटात घालीत असतानाच फैजपूरहून अमृतलालजी एकटेच आले. पुरावा पाहायचा आहे, म्हणाले. अर्जदाराने दोरी दाखविली. त्यांनी ती बोटाला गुंडाळून पाहिली, शिसे तळहातावर तोलले. मग दुकानात तिसरे कोणी नाही याची खात्री करून त्यांनी विचारले की, शनिवारी गाडी किती वाजता आहे, आणि ही गोष्ट मांजींच्या, म्हणजे त्यांच्या मातोश्रींच्या, कानावर न जाता जमेल का. सगाईचा गूळ आज वाटला. कुसुमलतेने पहिला खडा बापाच्या तोंडात घातला. तरी दाखला आता दोन नावांचा मिळावा, ही विनंती. सोबत क्रमांक दोनची दोरी पाठवीत नाही. ती व्याही घेऊन गेले.