पायामागनं येणारं गाणं

आण्णा,

शहापूरच्या मंगलचा नमस्कार. तू विचारणार न्हाईस, म्हणून मीच सांगते. पोटाचं ऑपरेशन झालं, आता बरी हाय.

तुझी लेक नीलम माझ्याकडंच हाय. नोकरी सोडून गाण्याच्या टोळक्यात शिरली म्हणून तू तिला घराबाहेर काढलंस. मीबी तिला लई बोलले. त्या टोळक्यातली ही चौघं गाणं आधी बसवतच न्हाईत, सुचंल ते तिथल्या तिथं वाजवतात. म्हटलं, ह्यो काय धंदा!

डॉक्टरनी चालायला सांगितलं, पण मी भिऊन उठत नव्हते. तर ही पोरं माझ्या हातमागाच्या खोलीत येऊन बसली. मी पाऊल टाकलं की गिटार वाजायची, थांबले की तीबी थांबायची. मी ओरडले, "चेष्टा करता व्हय रं?"

नीलम म्हणाली, "आत्ती, गाणं तुझं हाय. आम्ही नुसतं मागनं येतोय."

हळू, मऊ गाणं. ते अर्ध्यात तुटू नये म्हणून मी दारापर्यंत गेले. खरं सांगते, असली कला मी कुठं बघितली न्हाय.

काल तिनं विचारलं, "पाय मोडल्यापासनं आप्पा कसे चालतात?" तू काठी टेकतोस, पाय ओढतोस, मग शिवी देतोस, तसं मी चालून दाखवलं. पोरं हसली. नीलम डोळं पुसत वाजवत हुती.

हे पत्र मी पोस्टात टाकणार न्हाय. आधी कळलं तर तू कडी लावून बसशील. रविवारी आम्ही सगळी खानापूरला येतोय. तू फक्त दारापर्यंत चालत ये. गाणं बाहेर तयार असंल.

तुझी धाकटी,
मंगल