'मागेपुढे' कोणाच्या हाती द्यावे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्रेसष्ट, सिमेंट कंपनीच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेली प्रोग्रॅमर, माझ्या पश्चात कोणाला काय मिळावे हे आज राजीखुशीने लिहून ठेवत आहे. मागच्या वर्षीच्या पक्षाघाताच्या झटक्याने माझा उजवा हात कामातून गेला. डोके शाबूत आहे, आणि तसा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी दडपण आणलेले नाही. माझ्यावर दडपण आणणे किती अवघड आहे, हे माझ्या नातेवाइकांना विचारावे.

कलम एक. राहता फ्लॅट, तिसरा मजला, मी आणि आमच्या ह्यांनी मिळून घेतलेला, आतल्या सामानासह माझ्या भाचीला, म्हणजे दादाच्या मुलीला द्यावा. त्यावर इतर कोणाचा हक्क वा हितसंबंध राहणार नाही.

कारण लिहिणे कायद्याने बंधनकारक नाही, तरी लिहिते. हे गेले तेव्हा मी बोलणे जवळजवळ टाकले होते. माणसे भेटायला येत, मी चहा करी, ती निघून जात. भाची तेव्हा दूरच्या शहरात नर्स म्हणून लागली होती. तिने फोनवर माझे सांत्वन केले नाही. आपले जुने व्हिडिओ गेमचे यंत्र कुरियरने पाठवले आणि म्हणाली, "आत्या, यात दोघींनी मारामारी करायची. मी इकडून, तू तिकडून. बोलायची गरज नाही."

जन्मात मी कोणाला चापट मारलेली नव्हती. सुरुवातीला नुसता मार खाल्ला. मग पडद्यावरची एक धिप्पाड पैलवानीण निवडली आणि तीच धरून बसले. एके दिवशी तिने भाचीने निवडलेल्या चपळ पोरीला उचलून असे आपटले, की कानावरच्या हेडफोनमधून किंचाळी आली, "आत्याऽऽ! अगं जरा तरी दया!" मी मोठ्याने हसले. हे गेल्यानंतरचे ते माझे पहिले हसू. घर त्या हसण्यापुढे काहीच नाही.

त्या वेळी आणखी काही खेळाडू ऐकत होते. तेव्हापासून मी सगळ्यांचीच आत्या झाले. त्यांतले निम्मे माझ्याहून थोडेच लहान आहेत, पण ते असो.

कलम दोन. 'मागेपुढे' या नावाचा प्रोग्रॅम माझी स्वतःची निर्मिती आहे, हे मी येथे जाहीर करते. त्याची व्यवस्था पुढे सांगितली आहे.

खेळ जुना होता. तो काढणाऱ्या कंपनीने एक दिवस दोन खेळाडूंना जोडणारी आपली यंत्रणा बंद केली. भाचीचा फोन आला. "आत्या, संपलं गं आपलं खेळणं." तिचा आवाज ऐकून मी म्हटले, "बघते काय करता येतं ते." जन्मभर पगारपत्रकांचे प्रोग्रॅम लिहिले होते. मारामारीचे काय कळणार मला? पण शोधाशोध केली, इतरांचे लिखाण वाचले, आणि मुद्दा कळला. समोरच्याने दाबलेले बटण लांबून येईपर्यंत वेळ जातो. खेळ त्याची वाट पाहत बसला की अडखळतो. म्हणून प्रोग्रॅमने अंदाज बांधून पुढे जायचे, आणि अंदाज चुकला तर डोळ्यांना कळायच्या आत मागे येऊन दुरुस्त करून पुन्हा पुढे जायचे. म्हणून नाव 'मागेपुढे'. ऑफिसात माझ्या प्रोग्रॅममुळे वेळेवर पगार झाला म्हणून कोणी कधी आभार मानले नाहीत. येथे अनोळखी माणसांनी मला आपल्या बाळांचे फोटो पाठवले.

कलम तीन. आता वैर. माझ्याकडे एकच आहे, पण चांगले जोपासलेले.

आमच्या खेळणाऱ्या मंडळींत एक गृहस्थ आहेत. दिवसा ते चष्म्याची भिंगे घासतात, पण प्रत्येक गोष्टीवर वाद घालतात म्हणून सगळे त्यांना 'वकील' म्हणतात. त्यांनी सर्वांसमोर लिहिले, की ज्यांचे इंटरनेट चांगले त्यांचीच आत्या सोय बघतात, बाकीच्यांनी मार खावा. मी उत्तर दिले, की भिंगे घासता घासता तुमच्या डोळ्यांत भुकटी गेली आहे. मग त्यांनी माझ्याच प्रोग्रॅमवरून आपला वेगळा प्रोग्रॅम काढला. निम्मी मंडळी तिकडे गेली. आम्ही एकमेकांचे नाव घेणे बंद केले.

अशात कंपनीची नोटीस आली: प्रोग्रॅम बंद करा, नाहीतर दावा लावू. दादा म्हणाला, "पोरखेळासाठी या वयात कोर्टकचेरी करणार आहेस? बंद कर ते." मी बंदच करणार होते. तसे मंडळींना कळवलेही. दुसऱ्या दिवशी दारात वकील. हातात बॅग, चेहरा रागावलेला.

"तुम्ही बंद करणार म्हणे?"

"तुम्हाला काय त्याचं? तुमचा आहे की वेगळा."

"तो तुमच्यावरच उभा आहे, आत्या. उद्या मलाही नोटीस येईल. आणि भांडायला दुसरं कोण आहे मला? सरका, आत येऊ द्या."

ते जेवणाच्या टेबलाशी बसले आणि माझ्या प्रोग्रॅमची ओळ न् ओळ वाचली. कंपनीचे एखादे चित्र, आवाज, एखादा तुकडा आत राहून गेला आहे का, ते दोघांनी मिळून तपासले. प्रत्येक ओळीवर वाद झाला. मी त्यांना खिचडी करून घातली, तर मिठावरून वाद. शेवटी आम्ही कंपनीला लिहिले, की यात तुमचे काहीही नाही. खेळ ज्याचा त्याने विकतच घ्यावा, आम्ही फक्त दोन घरांमधली वाट बांधली आहे. पुष्कळ दिवसांनी उत्तर आले, की अशा स्वरूपात आमची हरकत नाही. भाची फोनवर रडली. वकील म्हणाले, "पत्रात एक स्वल्पविराम चुकलाय त्यांचा."

कलम चार. बँकेतील सर्व ठेवी दादा आणि वहिनीला सारख्या वाट्याने द्याव्यात. मला झटका आला त्या दिवशी लिफ्ट बंद होती. दादाने स्वतःची कंबर धरलेली असताना मला पाठुंगळीला घेऊन खाली उतरवले आणि वहिनी माझा लुळा हात धरून शेजारून पायऱ्या उतरली. सबब 'पोरखेळ' हा शब्द मी माफ करते. विसरत नाही.

माझी खेळाची बटणांची पेटी, माझ्यावर उपचार झाले त्या इस्पितळाच्या व्यायाम विभागाला द्यावी. ती कपाटात शोभेला न ठेवता वापरावी ही अट आहे. हात गेल्यावर मी खेळ सोडला होता. आमच्यातला एक सुतार कागद-पेन्सिल घेऊन आला. "आत्या, डावा हात टेबलावर ठेवा. सैल सोडा." त्याने बोटांभोवती रेघ ओढली आणि त्या मापाने सागवानाची पेटी केली: सगळी बटणे एका हाताखाली, एक पट्टी पायाखाली. ती घेऊन मी वार्षिक स्पर्धेला गेले. पहिल्याच फेरीत समोर एक कॉलेजातली मुलगी आली. माझा हात पाहून कानाशी आली आणि म्हणाली, "आत्या, मी सोडणार नाही हं."

"सोडलंस तर बघ."

तिने मला धुऊन काढले. त्या मुलीची मी आजन्म ऋणी आहे. झटक्यानंतर सगळेजण मला जपत होते. तिने मला खेळाडू मानले.

कलम पाच. 'मागेपुढे', त्याचे सर्व हक्क, संकेतशब्द आणि दुरुस्तीचे संपूर्ण अधिकार 'वकील' यांना द्यावेत. मंडळींना धक्का बसेल. भाचीलाही बसला. "आत्या, त्यांना? ते तर तुझं सगळं बदलून टाकतील." मी वकिलांना बोलावून सांगितले, तेव्हा ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "आधीच सांगतो, मी पहिल्या दिवशी तुमचा अर्धा प्रोग्रॅम उडवणार."

"म्हणून तर तुम्हाला देतेय. बाकीचे सगळे माझ्या नावाखातर तो जसाच्या तसा ठेवतील, आणि दोन वर्षांत तो मरेल."

यावर त्यांनी वाद घातला नाही. असे एकदाच घडले, म्हणून ते येथे नोंदवून ठेवते.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी भाचीने करावी. मी गेल्याचे कळल्यावर मंडळींनी खेळ थांबवू नये. ज्याचा जो डाव चालू असेल तो त्याने पुरा करावा, आणि जिंकणाऱ्याने हरणाऱ्याला पुन्हा खेळतोस का म्हणून विचारावे.

वरील मजकूर मी डाव्या हाताने टाइप केला, वाचला आणि मला मान्य आहे. बँकेतल्या जुन्या सहीशी ही सही जुळणार नाही. हात बदलला आहे, बाई तीच आहे.

(सही) आत्या

आम्हा दोघांच्या देखत त्यांनी सही केली आणि त्यांच्या देखत आम्ही. आम्हाला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही.

साक्षीदार: (सही) समोरच्या फ्लॅटमधील दंतवैद्य
साक्षीदार: (सही) तळमजल्यावरील शिंपीणकाका, म्हणजे शिंपीणबाईंचे यजमान

ठिकाण: राहत्या घरी, बाल्कनीत
तारीख: ऑगस्टचा दुसरा बुधवार, सकाळी, ऊन चांगले पडलेले असताना