दहापैकी चार

१२ जानेवारी, सकाळी ८
टण्ण! साखरा गावच्या माझ्या शाळेचा टोल. टांगलेला रुळाचा तुकडा, त्यावर लोखंडी दांडा. डोळे मिटूनच "बसा" म्हणालो. उघडले तर वसमतचा दवाखाना. सिस्टर दिपाच्या हातून ट्रे पडलेला.
माळ्यावरून कवितांचं जुनं पुस्तक काढताना स्टूल निसटलं, खुबा मोडला. काल ऑपरेशन.
दिपाने विचारलं, दुखणं दहापैकी किती? चार, म्हणालो. तीस वर्षं मराठी शिकवलं, चारच्या वर कुणाला दिले नाहीत. दुखण्याने असं काय मोठं लिहिलंय?
चाराला नुसती गोळी मिळते.

दुपारी २
शेजारच्या खाटेवरचे उकंडराव ट्रॅक्टरवरून पडलेले. त्यांनी दहापैकी अकरा सांगितले! इंजेक्शन मिळालं. घोरून राहिले आहेत. मार्कांची अशी उधळपट्टी.
डॉक्टर म्हणाले, ते औषध अफूच्या घराण्यातलं. तुम्ही अठ्ठ्याहत्तरचे, तुम्हाला थोडं थोडं देऊ, श्वासावर नजर ठेवून. नको म्हणालो. सवय लागली म्हणजे? ते म्हणाले, दोन-चार दिवस मोजून घेतलं तर सहसा लागत नाही. पण दुखतंय म्हणून उद्या उठला नाहीत, तर छातीत कफ धरेल. या वयात ते वाईट.
संकल्प: कवितेच्या बळावर उभं राहणे.

१३ जानेवारी, सकाळी ९.१०
उभा राहिलो. (अर्धा.) कविता खड्या आवाजात म्हटली. तिन्ही वॉर्डांतून माणसं धावत आली. पट्टी जरा वर लागली असावी. पुन्हा आडवा.
दिपा म्हणाली, "बाबा, आता किती?"
साडेचार. अर्धा ग्रेसचा.
बायको मनकर्णा कडाडली, "शाळा सुटून वीस वर्षं झाली, अजून काहून मार्क कापून राहिले? दुखणं तुमच्या वर्गात न्हाई बसलेलं!"

११.००
भूल देणारे मोठे डॉक्टर नांदेडहून येणार म्हणे. परक्या माणसासमोर पुन्हा चारच सांगायचे. ठरलं.

११.२०
दारात डॉक्टर. "सर, वळखलं का? तांड्यावरचा फुलसिंग."
सातवीत अख्खी कविता न अडखळता म्हणाला होता. साडेतीन दिले होते.
त्याने फाईल पाहिली. "साडेचार? सर, तुमच्या हातून साडेचार? सिस्टर, पळा, इंजेक्शन आणा!"
जुन्या निकालात दुरुस्ती: फुलसिंग, दहापैकी दहा. इंजेक्शनाशी संबंध नाही.