उतरलेला एफ शार्प

सोमवार, ३ मार्च
चेलोवाला — म्हणजे ते गुडघ्यांत धरायचं मोठं व्हायोलिन वाजवणारा — केव्हाच गेला आणि मी अजून त्याचा एफ शार्प हा एकच सूर ऐकत बसलेय. कामच आहे माझं! वादक येतात, एकेक सूर सुटा वाजवतात — हळू, जोरात, लांब, तुटक. मी ते कापते, सुरात आहेत ना बघते, कॉम्प्युटरमध्ये भरते. मग कुणीही घरबसल्या बटण दाबावं आणि अख्खा वाद्यवृंद वाजवावा.

हा चेलोवाला सूर धरण्याआधी बारीक श्वास घेतो. तो कापायचा असतो. नाही कापला.

मंगळवार, ४ मार्च
साहेबांना सांगितलं, चेलोचा एफ शार्प उतरलाय, परत बोलवावं लागेल. धडधडीत खोटं! साहेब म्हणाले, "बोलव."

शुक्रवार, ७ मार्च
आला. तोंड एवढंसं झालेलं. "माझा सूर उतरला? असं होत नाही हो कधी." सुरेख वाजवलं. मी गंभीरपणे मान हलवली — "अजून किंचित खाली वाटतोय." नरकात माझी जागा पक्की! घरी येईपर्यंत पाय जमिनीवर नव्हते. ताईला सगळं सांगितलं. "उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग," म्हणाली आणि पोट धरून हसली.

बुधवार, १२ मार्च
तिसऱ्यांदा आला. आणि आज सूर खरंच उतरला. केसभर, पण उतरला. हसूच मावळलं माझं. चांगल्या माणसाचा स्वतःच्या कानांवरचा विश्वास घालवला मी. असा वादक लोकांपुढे वाजवणार कसा?

सोमवार, १७ मार्च
साहेबांनी सगळी तंतुवाद्यं एकत्र लावून ऐकली. "काय गं, दाराची बेल वाजल्यासारखं वाटतंय. इतकं सरळ माणूस वाजवतो का कधी?" मग भीतभीत बुधवारचा चेलो लावला. साहेबांनी पुन्हा लावायला सांगितलं. "हा! हा माणूस वाटतो. हाच ठेव. आता त्याला बोलवायची गरज नाही."

शाबासकी मिळाली, आणि मला रडू येतंय. आता बोलवायला निमित्तच नाही. आणि तो बिचारा घरी बसून स्वतःला बेसूर समजत असेल. उद्या जाऊन खरं सांगणार. माझं तोंड पाहिलं नाही त्याने परत, तरी चालेल. नाही, चालणार नाही. पण सांगणार.

मंगळवार, १८ मार्च
सांगितलं. त्याच्या तालमीच्या खोलीच्या दारात, एका दमात — तुमचे सूर पहिल्या दिवसापासून बरोबर होते, खोटं मी बोलले.

"माहीत आहे. कान आहेत मला," म्हणाला. "बुधवारी मीच मुद्दाम उतरवला. म्हटलं, चौथ्यांदा बोलवाल."