दिवे विझू नयेत म्हणून

५ नोव्हेंबर २०२५, बुधवार

सायंकाळी पाच वाजून चाळीस मिनिटे. पवनीच्या घाटाजवळ आमच्या यॉटच्या लाटेने मासे धरणाऱ्या तुलारामचा डोंगा उलटला. आम्ही महिला मंडळाच्या चौदा बायका, कार्तिक पौर्णिमेचे दिवे सोडायला निघालेल्या. तो काठाशी जाळं ओढत होता. लाट गुडघ्याच्या वर! डोंगा घाटाच्या दगडावर आपटला आणि मध्ये त्याचा हात सापडला. मोडला. त्याची बायको ललिताबाई काठावरून ओरडत होती, ते अजून कानात आहे.

आणि यॉट कोण चालवत होतं? कुंदन. तुलारामचा सख्खा धाकटा भाऊ!

गाद्या काय, काचा काय, पाहुण्यांसाठी सगळा थाट — आणि चालवणाऱ्याला अक्कल नाही. उद्याच लिहिते.

६ नोव्हेंबर

बोटीचा ठेकेदार टेकचंद. त्याला अर्ज दिला. मुद्देसूद. लेखी उत्तराची मुदतही घातली, सोमवारी पाचच्या आत.

मंडळातली सुमित्राबाई म्हणाली, "कायले त्या भानगडीत पडून राह्यली वं? तूही तं होतीस बोटीत."

होते, म्हणूनच लिहिलं! आयुष्यभर विज्ञान शिकवलं ते डोळे मिटून बसायला?

जेवण गेलं नाही.

८ नोव्हेंबर

तुलारामच्या हातात सळई टाकली म्हणे. भेटायला जायचं होतं. गेले नाही.

१० नोव्हेंबर

टेकचंदचं उत्तर आलं, शिक्क्यासह. "आपल्या तक्रारीची दखल घेऊन" कुंदनला कामावरून काढलं आहे. बघा, लेखी मागितलं की हलतात!

संध्याकाळी सुमित्राबाईने बाकीचं सांगितलं. तुलाराम भावाशी बोलत नाही. "मले पान्यात टाकनारा माह्या घरचाच निंगाला," एवढंच म्हणतो. एका अंगणात आता दोन चुली. कुंदन खाली मान घालून ऐकतो, तोंडातून शब्द काढत नाही.

"काहून नाही बोलत तो?" मी विचारलं.

"तुह्याच वर्गातला पोरगा नं तो. बाईचं नाव कसं घेईन?"

मी चहा गाळत राहिले.

११ नोव्हेंबर

इथे तरी लिहिते.

दिवे घाटावरच पेटवून द्रोणात ठेवले होते. एकीचा विझला तरी अपशकुन म्हणून सगळ्या जपून होत्या. वारा समोरून. मागची फळी आडोशाला, शिवाय पाण्याजवळ — तिथून वाकून दिवा सोडता येतो. मीच सगळ्यांना मागे नेऊन बसवलं. चौदाच्या चौदा! कुंदन म्हणाला, "बाई, थोड्या जनी समोर या. नाक उचलून राह्यलं." मी म्हटलं, "दिवे विझले तर तू लावून देणार आहेस?" मग त्याने वेग वाढवला, ज्योती आडव्या झाल्या. ओरडले — "अर्ध्या वेगाने ने!"

"हो बाई" म्हणाला. वर्गात म्हणायचा तसंच.

१२ नोव्हेंबर

नातवाची खेळण्यातली बोट हौदात दोऱ्याने ओढून पाहिली. आत गोट्या. गोट्या मध्ये, तर पुढचं निमुळतं टोक सुरीसारखं पाणी कापतं, लाट जेमतेम. गोट्या मागे सरकवल्या, तर नाक वर, बूड खाली. मग पाणी कापायला टोक उरतच नाही, मागचा रुंद सपाट तळ पाणी ढकलत नेतो. हळू ओढली तर निदान लाट कमी. जोरात ओढली तर बोट पाण्यावर चढून निघून जाते. पण अर्ध्या वेगात ती ना सपाट तरंगते ना वर चढते — स्वतःच्याच लाटेच्या चढावर अडकून बसते आणि सगळं पाणी दोन्हीकडे फेकते.

हौदाबाहेर पाणी आलं. माझे पाय भिजले.

अर्धा वेग म्हणजे जपून, असं मला वाटलं होतं. मला! हेच धडे शिकवून पेन्शन खाते आहे.

१३ नोव्हेंबर

टेकचंदला दुसरा अर्ज लिहायला बसले. "सर्व प्रवासी मागील बाजूस बसले होते." बसले होते! कोणी बसवलं? ते लिहिलंच नाही. मी शिकले त्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर म्हणायच्या, अर्धी कबुली देणाऱ्यापेक्षा गप्प बसणारा बरा. फाडला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

ललिताबाई आली. खुर्ची दिली, बसली नाही. चहा नको म्हणाली.

"बाई, म्या काठावरून पायलं. साऱ्या बाया मांगं होत्या, बोटीचं नाक आभायात. माह्या देवराले, कुंदनले, इचारलं तं तो बोलत नाही. तुमी साऱ्याइले लेखी मांगता नं? मंग मले बी लेखी द्या — बोट त्यानं तशी नेली, का कोनी न्याले लावली? दोघा भावाइले समोर बसवून वाचून दाखवनार हावो. सोमवारी पाच वाजाच्या आत."