इन्सुलिन फ्रिजच्या दारात आहे

आई,

मी बारामतीला लॅबमध्ये कामाला जाते आहे. भाकरी डब्यात आहे.

प्रभूने शुगर बरी केली अशी साक्ष तुम्ही चर्चमध्ये दिलीत, तेव्हापासून इन्सुलिनची बाटली तेवढीच भरलेली आहे. मी आशेरला सांगितलेलं नाही. तुमचा मुलगा लगेच घाबरतो. सकाळी बोटातून रक्त घेताना तुम्ही म्हणालात, “आता सुई घेतली तर माझी साक्ष खोटी पडंल गं.” साखर फार वाढली आहे, आई. अशीच राहिली तर तुम्हाला दवाखान्यात ठेवावं लागेल.

साक्षीआधी मी लॅबमध्ये काढलेला तुमचा चांगला रिपोर्ट सुईमुळेच आला होता. ती सुईसुद्धा प्रभूचीच कृपा आहे, असं मी मानते.

जेवणाआधी शेजारची इफ्फत येऊन टोचून देईल. ती आपल्या चर्चच्या मंडळीतली नाही, कुठं बोलणार नाही.

लोकांना तोंड कसं दाखवू, याची काळजी करू नका. रविवारी मी उभी राहीन आणि तो रिपोर्ट माझ्या हातून चुकला होता, असं सांगेन. तो चुकला नव्हता. त्या खोट्याचं प्रभूशी काय ते मी बघून घेईन.

शलोमी